डेटा ठेवायचा कुठे आणि साहेबांना हवंय काय

डिसेंबर १९६७मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात रसेल अ‍ॅकॉफ यांचा एक छोटेखानी लेख आला. त्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीची हकीकत आहे. नाव अ‍ॅकॉफनी दिलेलं नाही. या कंपनीच्या एका विभागाने वर्षभरापूर्वी सुमारे २० लाख डॉलरची यंत्रसामग्री घेऊन उत्पादन आणि साठा यांचा ताबा संगणकाकडे दिला होता. आता त्याच विभागाला बाजारात नुकतीच आलेली, कितीतरी पट महाग यंत्रं हवी होती. संचालक मंडळाच्या अध्यक्षांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तसं ते मोकळेपणाने कबूलही करत होते. म्हणून त्यांनी अ‍ॅकॉफना बोलावलं.

विभागातल्या लोकांनी सगळी रचना तपशीलवार समजावली. पसारा मोठा, पण गाभा साधा होता. प्रत्येक सुट्या भागासाठी दोन आकडे ठरलेले: साठा किती उरला की नवी मागणी नोंदवायची हा एक, आणि जास्तीत जास्त किती साठा ठेवायचा हा दुसरा. अ‍ॅकॉफनी विचारलं, ही पद्धत सुरू झाली तेव्हा कमाल मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेले भाग होते का? होते, बरेच होते. त्यांनी तीसेक भागांची यादी मागितली, आलेखाचा कागद मागितला आणि जुने रोजचे अहवाल काढून पहिल्या भागाचा साठा कागदावर उतरवायला घेतला. रेघ खाली येत येत कमाल मर्यादेला टेकली आणि संगणकाने तिथेच नवी मागणी नोंदवलेली दिसली. यंत्रणा रचणारा गृहस्थ म्हणाला, निव्वळ योगायोगाने तुमच्या हाती आमची एक चूक लागली. पण रेघ पुढे सरकत गेली तशी तीच चूक पुन्हा पुन्हा दिसू लागली, आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक भागांची तीच कथा निघाली. संगणक दोन आकड्यांची सरळ गल्लत करत होता. मग नट-बोल्टसारखे फक्त जोडीने लागणारे भाग पाहिले, तर आदल्या दिवशी गोदामातून गेलेल्या नटांचा आणि बोल्टांचा मेळ बसेना. दिवस संपेपर्यंत ढोबळ हिशेब तयार झाला. हाताने चालणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ही नवी पद्धत दरमहा जवळपास दीड लाख डॉलरने महाग पडत होती.

अहवाल रोज छापले जात होते आणि रोज पोचतही होते. त्यांतून अगदी साधे प्रश्न विचारता आले असते, पण यंत्राबद्दल आपल्याला काय कळणार, या संकोचाने एकाही अधिकाऱ्याने ते विचारले नाहीत.

डेटा व्यवस्थापन आणि व्यवस्थापकीय माहिती प्रणाली, म्हणजे एमआयएस, यांवरच्या सुरुवातीच्या संशोधनाचा आढावा घ्यायचा तर याच लेखापासून सुरुवात करणं मला बरं वाटतं. कारण १९५० ते १९८० या तीस वर्षांत दोन प्रश्न एकाच घरात जन्मले आणि मग वेगळे झाले. डेटा ठेवायचा कसा, हा एक. निर्णय घेणाऱ्याला त्यातलं नेमकं काय हवं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर इतकं चोख मिळालं की आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळा कारभार त्यावर चालतो. दुसरा प्रश्न अजून लटकलेला आहे. माझं मत असं की पहिल्या शाखेने दुसरा प्रश्न सोडून दिला म्हणूनच तिला यश आलं.

सुरुवातीला ही फाटाफूट नव्हती. व्यवसायासाठी संगणक प्रथम चालवला तो लंडनच्या जे. लायन्स या कंपनीने. ही कंपनी केक, चहा आणि चहाची दुकानं यांसाठी प्रसिद्ध. तिथले जॉन सिमन्स हे गणिताचे पदवीधर आणि कारकुनी कामाच्या पद्धतींचा अभ्यास हा त्यांच्या आस्थेचा विषय. १९४७मध्ये कंपनीची दोन माणसं अमेरिकेत कार्यालयीन पद्धती पाहायला गेली, संगणकांची कल्पना घेऊन परतली आणि केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स बनवत असलेल्या एडसॅक यंत्राला कंपनीने ३ हजार पौंडांची मदत केली. त्याच धर्तीवर लायन्सने स्वतःचं ‘लिओ’ बांधलं. नोव्हेंबर १९५१मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचं मूल्यांकन सुरू झालं. यातली मौज अशी की डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्र येण्याआधीच कामाच्या पद्धतीचा कीस पाडला होता. कुठल्या व्यवस्थापकाला कुठला आकडा कधी लागतो, हे आधी ठरायचं आणि मग प्रोग्रॅम लिहिला जायचा. दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर होते.

अमेरिकेत चित्र वेगळं होतं. तिथे जनरल इलेक्ट्रिकने १९५४मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यात युनिव्हॅक संगणक बसवला तो मुख्यतः पगारपत्रकांसाठी. पंचकार्डांवर चालणारी कामं टेपवर आली, एवढाच फरक. टेपचा स्वभाव असा की हजारावी नोंद हवी तर आधीच्या नऊशे नव्याण्णव ओलांडाव्या लागतात. त्यामुळे प्रत्येक कामासाठी वेगळी फाइल, तिचा वेगळा क्रम आणि तो क्रम गृहीत धरणारा वेगळा प्रोग्रॅम. पगाराच्या फाइलमध्ये कामगाराचा पत्ता एक आणि भविष्य निर्वाह निधीच्या फाइलमध्ये दुसरा, ही तक्रार तेव्हापासूनची. १९५६मध्ये आयबीएमने रॅमॅक आणलं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरं. आता हवी ती नोंद थेट गाठता येणार होती. प्रश्न उरला तो तिथवर पोचण्याच्या वाटेचा.

नेमक्या याच वर्षांत स्वप्नरंजनालाही बहर आला. १९५८मध्ये हॅरॉल्ड लेव्हिट आणि थॉमस व्हिसलर यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये १९८०च्या दशकातल्या व्यवस्थापनाचं भाकीत केलं. मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांची गरज घटेल, निर्णय वरच्या थोड्या लोकांच्या हाती एकवटतील, असं त्यांचं म्हणणं. ‘माहिती तंत्रज्ञान’ या नावाचा आजच्या अर्थाने वापर त्याच लेखापासून सुरू झाला असं मानतात. कंपनीतल्या सगळ्या खात्यांची सगळी माहिती एकाच यंत्रणेत आणायची आणि वरिष्ठाने खुर्चीत बसून ती पाहायची, ही संपूर्ण एकात्मिक यंत्रणेची कल्पना सल्लागार आणि कार्यालयीन पद्धतींचे जाणकार तेव्हा हिरिरीने विकत होते. इतिहासकार थॉमस हेग यांनी या मंडळींवर नेमकं बोट ठेवलं आहे: कंपनीत त्यांना स्वतःचं वजन वाढवायचं होतं, आणि संगणक ही त्यासाठी चालून आलेली संधी होती. हे कळलं की त्या काळच्या लेखांमधला फाजील उत्साह उलगडतो.

स्वप्न बाजूला ठेवून बांधकामाला लागला तो चार्ल्स बाकमन. डाऊ केमिकलमधून तो जनरल इलेक्ट्रिकमध्ये आला आणि कारखान्याच्या उत्पादन नियंत्रणाचं काम करता करता १९६३-६४च्या सुमारास त्याने ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ उभं केलं. नोंदी तबकडीवर आणि प्रत्येक नोंदीत तिच्याशी नातं असलेल्या पुढच्या नोंदीचा पत्ता. ऑर्डरवरून तिच्या बाबींकडे, बाबीवरून तिला लागणाऱ्या भागांकडे, साखळी धरून जायचं. सगळ्या प्रोग्रॅमसाठी डेटा एकच. १९७३चं ट्युरिंग पारितोषिक बाकमनला मिळालं तेव्हा त्याने आपल्या व्याख्यानात प्रोग्रॅमरला सागरी वाटाड्याची भूमिका दिली. आजवर यंत्र मध्यभागी होतं आणि डेटा त्याच्याभोवती फिरत होता, आता उलटं होणार, असं त्याचं म्हणणं. बाकमन पीएचडी नव्हता, विद्यापीठातलाही नव्हता.

आयबीएमची वाट दुसरी होती, पण कारण तितकंच ठोस. अपोलो मोहिमेच्या यानांमध्ये लाखो सुटे भाग. कुठला भाग कुठल्या जोडणीत बसतो, ती जोडणी कशात जाते, याची यादी हाताने ठेवणं अशक्य. नॉर्थ अमेरिकन रॉकवेल आणि कॅटरपिलर यांच्याबरोबर आयबीएमने जी यंत्रणा बनवली ती ऑगस्ट १९६८मध्ये कॅलिफोर्नियात डाउनी इथे सुरू झाली. पुढे ‘आयएमएस’ या नावाने ती विकली गेली. तिच्यात डेटा वंशावळीसारखा, वरून खाली. यंत्राच्या सुट्या भागांना ही मांडणी फिट्ट बसते. इतर गोष्टींना बसतेच असं नाही.

ते का बसत नाही, हे मराठी वाचकाला सात-बाऱ्याने झटकन कळेल. गाव नमुना सात गट क्रमांकावर लावलेला असतो. या गटात कोण कोण आहे, हे तो एका नजरेत सांगतो. पण अमुक खातेदाराची गावात एकूण जमीन किती, असं विचारलंत तर सगळे सातबारे चाळावे लागतात. म्हणून खातेदारनिहाय आठ-अ वेगळा ठेवला. आता फेरफार मंजूर झाला की तो दोन्हीकडे उतरायला हवा. एकीकडे उतरला आणि दुसरीकडे राहिला, की तलाठी कार्यालयाचे हेलपाटे सुरू. डेटा एका विशिष्ट प्रश्नाच्या सोयीने रचला की बाकीचे प्रश्न महाग होतात. ते स्वस्त करायला दुसरी प्रत काढली की दोन प्रतींत विसंगती शिरते.

एडगर कॉड यांनी या कोंडीवर घाव घातला. मूळचे इंग्लंडचे, युद्धात रॉयल एअर फोर्सचे वैमानिक, मग आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत. जून १९७०मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. म्हणणं थोडक्यात असं: डेटा यंत्रात कसा रचलाय याच्याशी वापरणाऱ्याचा संबंधच नको. त्याला फक्त तक्ते दिसावेत. तक्त्यांचे संबंध त्यांतल्या मूल्यांवरून जुळावेत, पत्त्यांच्या साखळ्यांवरून नव्हे. काय हवं ते माणसाने सांगावं आणि कुठल्या वाटेने आणायचं ते यंत्राने ठरवावं. लेखात संचसिद्धान्त होता, तर्कशास्त्र होतं, आणि कारखान्यातल्या माणसाला ते वाचवत नव्हतं. बाकमनची बाजू घेणाऱ्यांचा आक्षेपही चुकीचा नव्हता: वाट यंत्राने शोधायची म्हणता, पण ते किती वेळ घेईल? १९७४मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झाला. वादात कुणी जिंकलं असं म्हणता येत नाही. निकाल लागला तो यंत्रणा बांधल्यावर.

सॅन होजेत ‘सिस्टम आर’ आणि बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचं ‘इंग्रेस’, कॉडची कल्पना प्रत्यक्षात आणणारे हे दोन्ही प्रकल्प जवळपास एकाच वेळी चालले. संगणकशास्त्रात इतकं फलदायी दशक मला तरी दुसरं आठवत नाही. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये मांडलेली प्रश्न विचारण्याची भाषा पुढे एसक्यूएल झाली. जिम ग्रे यांनी व्यवहाराचा, म्हणजे एकतर पूर्ण होणार नाहीतर मुळीच न होणार अशा कृतीचा, विचार पक्का केला. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये सगळ्यांत स्वस्त वाट निवडण्याची रीत दाखवली आणि बाकमनपक्षीयांच्या मुख्य आक्षेपाला खरं उत्तर तिथे मिळालं. मधल्या काळात, १९७६मध्ये, पीटर चेन यांनी वस्तू आणि नाती यांची आकृती काढून डेटाची आखणी करण्याची पद्धत दिली. ती सोपी असल्यामुळे कॉडच्या गणितापेक्षा वर्गावर्गांत जास्त पोचली. गंमत म्हणजे आयबीएमचा आयएमएसचा धंदा जोरात होता, त्यामुळे घरचंच संशोधन बाजारात आणायला तिने वेळ लावला. तोवर, १९७९मध्ये, आज ऑरॅकल म्हणून ओळखली जाणारी छोटी कंपनी आपलं उत्पादन विकू लागली होती.

या सगळ्यात साहेब कुठे आहे? कुठेच नाही. कॉडने प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्न माहीत आहे असं धरलं. ते धरलं म्हणूनच समस्या गणितात मावली.

दुसऱ्या शाखेला ही सोय नव्हती. तिचे आधार व्यवस्थापनशास्त्रातून आले. हर्बर्ट सायमन यांनी १९६०मध्ये ठरावीक पठडीतले निर्णय आणि पठडीबाहेरचे निर्णय असा भेद केला. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५मध्ये धोरण, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि रोजचं कामकाज अशा तीन पातळ्या सांगितल्या. १९७१मध्ये एमआयटीच्या अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी दोन्हींचा एकच तक्ता केला आणि दाखवलं, की जवळपास सगळा संगणकीय खर्च तक्त्याच्या एकाच कोपऱ्यात, पठडीतल्या रोजच्या कामावर, होतो आहे. बाकीच्या जागेसाठी वेगळी, निर्णयाला हात देणारी साधनं हवीत. स्कॉट मॉर्टन यांनी हे आधी करून पाहिलं होतं: कपडे धुण्याच्या यंत्रांची विक्री आणि उत्पादन यांची सांगड घालताना दोन्ही खात्यांच्या व्यवस्थापकांना एकाच पडद्यासमोर बसवून. या शाखेतलं मला सगळ्यांत आवडणारं काम ते हेच, कारण त्यात माणसं यंत्रासमोर खरोखर बसलेली आहेत.

विद्यापीठात या विषयाला पक्कं घर मिळालं ते मिनेसोटात, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने. तिथे १९७० ते १९७५ या काळात प्रयोगांची मालिका झाली. त्यातला नॉर्मन शेर्व्हनी आणि गॅरी डिक्सन यांचा प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नकली कारखान्याचे निर्णय विद्यार्थ्यांना घ्यायला लावले. काहींना कच्चे आकडे दिले, काहींना त्यांचाच सांख्यिकी गोषवारा. गोषवारा मिळालेल्यांचा उत्पादन खर्च कमी आला, म्हणजे त्यांचे निर्णय चांगले. पण त्यांना वेळ जास्त लागला आणि आपल्या निर्णयाबद्दल विश्वास मात्र कमी वाटला. ढीगभर आकडे मिळालेले लोक कमी चांगले निर्णय अधिक ठामपणे घेत होते. वापरणाऱ्याचं समाधान हे माहिती प्रणालीच्या यशाचं माप मानायचं की नाही, हा प्रश्न इथे उभा राहतो. नंतरच्या बऱ्याच संशोधनाने तरीही समाधानच मोजलं, कारण ते मोजायला सोपं.

टीकाकारही कमी नव्हते. हार्वर्डच्या जॉन डिअर्डन यांनी १९७२मध्ये एमआयएस हे मृगजळ असल्याचं लिहिलं. कुठल्याही एका तज्ज्ञाला कंपनीची सगळी माहिती एकात्म करता येईल ही समजूतच खुळी आहे, असा त्यांचा रोख. थोडा कडवट लेख आहे, पण काळाने त्याला खोटं पाडलेलं नाही. आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे संध्याकाळी सहाच्या आत एक्सेलची शीट वर पाठवणारा मुलगा किंवा मुलगी. संपूर्ण एकात्मिक यंत्रणेचं एवढंच उरलं.

रिचर्ड नोलन यांचा टप्प्यांचा सिद्धान्त, १९७३ला मांडलेला, मी लवकर आटोपतो. संस्थेतला संगणकवापर सुरुवात, फैलाव, नियंत्रण अशा टप्प्यांतून जातो, आणि खर्चाच्या आलेखावरून टप्पा ओळखता येतो, असं ते म्हणत. आधी चार टप्पे होते, १९७९पर्यंत सहा झाले. सल्लागारांना फार सोयीचा. पुराव्याच्या कसोटीवर नंतर फिका पडला. त्या मानाने जॉन रॉकार्ट यांची १९७९ची सूचना साधी आणि टिकाऊ ठरली: अहवालांपासून सुरुवात करू नका, मुख्य अधिकाऱ्याला विचारा की कुठल्या मोजक्या गोष्टी बिघडल्या तर धंदा बिघडेल. १९८०मध्ये फिलाडेल्फियात माहिती प्रणालींवरच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पीटर कीन यांनी आपल्याच मंडळींना विचारलं, की आपण नेमकं काय मोजतो आहोत आणि एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर उभं का राहत नाही? डेटाबेसवाल्यांना हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आली नव्हती.

दोन्ही शाखांच्या अमेरिकी इतिहासात एक तिसरा प्रश्न फारसा दिसत नाही: या सगळ्यात कारकुनाचं आणि कामगाराचं काय? तो विचारला गेला युरोपात. इंग्लंडमध्ये एनिड ममफर्ड यांनी ऑलिव्ह बँक्स यांच्यासह बँकेतल्या कारकुनांचा अभ्यास १९६७मध्ये प्रसिद्ध केला. वापरणाऱ्यांनीच यंत्रणेच्या आखणीत बसावं, हा ममफर्ड यांचा पुढच्या आयुष्यभराचा आग्रह. नॉर्वेत क्रिस्टेन निगार्ड यांनी १९७१पासून लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम केलं. प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात त्यांचं नाव सिम्युला भाषेसाठी घेतलं जातं, पण हे कामही तोलामोलाचं.

आणि तो भारतातही विचारला गेला, तोही पुण्याच्या माणसाकडून. १९६१मध्ये मुंबईत एस्सो कंपनीने आयबीएम १४०१ आणला होता, १९६८मध्ये सुरू झालेली टीसीएस बँकांच्या शाखांमधले हिशेब जुळवण्याची कामं करू लागली होती, आणि कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाचा संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीवर पहारा बसवला होता. सरकारने १९६९मध्ये स्वयंचलनावर समिती नेमली. अध्यक्ष गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२चा. संगणक हवा की नको यापेक्षा तो कुठे, कोणत्या कामासाठी आणि रोजगाराच्या कोणत्या किमतीवर, असा तिचा विषय होता. एमआयएसच्या पाठ्यपुस्तकांत या अहवालाला जागा नाही. माझ्या मते ती असायला हवी.

निगार्ड यांच्या कामाचं फलित म्हणजे १९७५चा राष्ट्रीय करार. त्यानुसार नॉर्वेतल्या कामगारांना नवीन यंत्रणेची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा आणि आपला डेटा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. भारतातल्या बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांचा करार १९८३चा. तिथे घासाघीस झाली ती मुख्यतः किती यंत्रं बसवायची आणि ती चालवणाऱ्याला भत्ता किती द्यायचा यावर.